ओढ्यातले मासे आणि आमचं गप्प बसणं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला होता, 'कामगार चळवळ आणि आपली वस्ती'. आम्ही काही शिकलेले वक्ते नाही. सातवीला शाळा सुटली. पुढचं शिक्षण झालं ते सूतगिरणीच्या रात्रपाळीत आणि या विहाराच्या वाचनालयातल्या दोन कपाटांवर. चळवळीच्या गोष्टी सांगायच्या म्हटल्या तर मोर्चे, उपोषणं, बोनसचे लढे यांवर तासभर बोलता येईल. परंतु वर्धापनदिनाला आपण फक्त जिंकलेल्या लढाया सांगतो. हरलेल्या सांगत नाही. आणि जी लढाई आपण लढलोच नाही, तिचं तर नावही काढत नाही. आज आम्ही तीच सांगणार आहोत. ती आपल्या वस्तीमागच्या ओढ्याची आहे.

इथं बसलेल्या तरुण पोरांना ओढा म्हटलं की काळं पाणी, फेस आणि नाकाला रुमाल एवढंच आठवणार. त्यांचा दोष नाही. त्यांनी दुसरा ओढा पाहिलाच नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना विचारा. उन्हाळ्यात धार बारीक व्हायची, तरी करंजीच्या झाडाखालच्या डोहात कमरेइतकं पाणी असायचं. त्यात मरळ, वांब, चिलापी असायची. दगडाखाली खेकडे असायचे. आठवड्याला एकदा तरी आपल्या घरांतून माशाच्या कालवणाचा वास यायचा, आणि त्याला पैसे पडत नव्हते. गरिबाच्या ताटातली ही बिनपैशाची चीज होती. मटण परवडत नव्हतं, तेव्हा पोरांच्या अंगावर मांस चढलं ते या ओढ्यावर.

ओढ्याकाठी एक आज्जी राहायची. तिचं नाव इथं घेत नाही, जुन्या माणसांना कळेल. ती पाटी लावून मासे धरायची, वस्तीत विकायची, आणि ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्या दारात मूठभर मासे तशीच ठेवून जायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण पाण्याचं तिला जेवढं कळत होतं तेवढं आम्हाला तीस वर्षं पुस्तकं वाचूनही कळलेलं नाही.

आता आमच्या पराभवाकडे येतो.

साल 1995, मे महिना. सूतगिरणीत लागण्याआधी आम्ही कापड धुऊन, ब्लीच करून, रंगवून देणाऱ्या एका प्रोसेस कारखान्यात कामाला होतो. कारखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हे एकाच कारखान्याचं पाप नव्हतं. कापड मागावरून उतरतं तेव्हा त्याच्या सुताला खळ असते. ती आधी काढावी लागते. मग कॉस्टिक सोड्यात कापड उकळायचं, मग ब्लीच, मग रंग. प्रत्येक पायरीला पाणी लागतं आणि प्रत्येक पायरीनंतर ते पाणी टाकून द्यावं लागतं. आमच्याकडे ते एका मोठ्या कुंडीत साठवायचं, त्यावर औषधं घालून ते निवळायचं आणि मगच बाहेर सोडायचं असा नियम होता. नियम भिंतीवर रंगवलेलाही होता. पण निवळायला औषध लागतं, वीज लागते, वेळ लागतो. आणि मालाची घाई असली की पहिली काट बसायची ती कुंडीवर.

त्या रात्री पाळीवर आम्ही चौघे होतो. आज आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. त्यांतले दोघे आज हयात नाहीत, त्यांच्या वतीनंही बोलावं लागतं. रात्री दोनच्या सुमाराला कुंडी काठोकाठ भरली. वापरलेलं कॉस्टिक, ब्लीचचं उरलेलं पाणी, रंगाची टाकी धुतलेलं पाणी, सगळं एकत्र आणि कोमट. सुपरवायझर आला आणि म्हणाला, "सकाळी माल द्यायचाय. मशीन थांबवायची नाही. वॉल्व्ह सोडा ओढ्याला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ओढा कुठं जातो हे चौघांनाही ठाऊक होतं. आमच्याच दारावरून जातो. पण कामावर आम्ही बदली कामगार. नाही म्हणायचं तर उद्यापासून गेटच्या बाहेर. आम्ही वॉल्व्ह सोडला. चाक जड होतं, दोघांनी मिळून फिरवलं. तासाभरात कुंडी रिकामी झाली.

पहाटे पाळी सुटली. घरी आलो तर अंगणात आईनं परात मांडलेली. परातीत मासे. शेजारची पोरं पहाटेच पाट्या घेऊन धावली होती. ओढाभर मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते, नुसते हातानं वेचायचे. वस्तीत सण असल्यासारखी गडबड चालली होती. आई म्हणाली, "आज कष्ट न करता घबाड मिळालं बघ."

आम्ही परातीत पाहिलं. त्यात हातभर लांब मरळ होती.

आम्ही परात उचलली आणि उकिरड्यावर नेऊन ओतली. आई ओरडली, का रे म्हणून. आम्ही म्हणालो, "शिळे हैत." एवढंच. खरं सांगितलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, शेजारच्या दारात गेलो नाही. त्याच्या पलीकडच्याही दारात गेलो नाही. आमच्या घरातले मासे आम्ही फेकले आणि बाकीच्या वस्तीला शिजवू दिले. दुपारी दोन-तीन घरांतली पोरं ओकू लागली. कुणी दगावलं नाही, हे नशीब. त्यात आमची पुण्याई काही नव्हती.

संध्याकाळी आज्जी आमच्या दारात आली. हातात तशीच एक मरळ. म्हणाली, "काय रं, रातपाळीला हुतासा न्हवं? काय सोडलासा वढ्यात?"

आम्ही म्हणालो, "आम्हाला काय म्हाईत आज्जी. उन्हानं पाणी तापलं असंल."

ती हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, "उन्हानं चिलापी मरंल. मरळ न्हाई मरत. मरळ वर येऊन वारा घेती. पाण्यातला दम गेला तरी ती जगती. ती बी मेली म्हंजी पाण्यात इख पडलंय."

बंधूंनो, पुढं अनेक वर्षांनी आम्ही पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की आज्जी अक्षर न् अक्षर खरं बोलत होती. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्याला लागतो. वीस अंशाच्या पाण्यात एका लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. म्हणजे पाणी जेवढं गरम तेवढा माशाचा श्वास अपुरा. त्यात खळीसारखा माल पडला की तो कुजवणारे जंतू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. हा झाला एक मृत्यू, गुदमरण्याचा. यात आधी मोठे मासे जातात, आणि बहुतेक वेळा पहाटे जातात, कारण रात्री पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. पण मरळीसारखा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून तो बराच वेळ तग धरतो. दुसरा मृत्यू विषाचा. ब्लीचमधला क्लोरीन अगदी थोडा असला तरी कल्ले भाजून काढतो. कॉस्टिक तेच करतं. यात लहान-मोठं, मरळ-चिलापी, दिवस-रात्र असा फरक उरत नाही. सगळेच जातात. मेलेला मासा मुका असतो असं आपण म्हणतो. पण कोण मेलं, कोण वाचलं आणि किती वाजता, एवढं नीट पाहिलं तर तो साक्ष देतो.

आज्जी ती साक्ष घेऊन आली होती. दोन दिवसांनी तक्रारीवरून साहेब लोक आले. तोपर्यंत धार पुढं निघून गेली होती, पाणी निवळलं होतं. आज्जीनं त्यांना मरळीचं सांगितलं. ते म्हणाले, बाई, असं सांगून कसं चालेल, पुरावा पाहिजे. पुरावा तिथंच उभा होता. चार पुरावे उभे होते, खाली मान घालून. साहेबांनी आम्हालाही विचारलं. आम्ही म्हणालो, काही सोडलं नाही.

आज्जीनं आमच्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर ती आमच्या दारात मासे ठेवायला कधी आली नाही. ठेवायला मासेही उरले नव्हते म्हणा. पावसाळ्यात थोडे आले, पुन्हा मेले. असं तीन-चार वर्षं झालं आणि ओढा संपला. पुढं आज्जीही गेली. तिच्या अंत्ययात्रेत आम्ही खांदा दिला. पण खरं सांगितलं नाही ते नाहीच.

हे ओझं आपणच वाहतोय असं आम्हाला वाटायचं. मग एकदा वाचनात जपानमधली मिनामाटा गावाची हकीकत आली. तरुण मित्रांनी ती जरूर वाचावी. मिनामाटाला चिस्सो नावाच्या कंपनीचा रासायनिक कारखाना होता. 1932 सालापासून त्याचं पारा मिसळलेलं सांडपाणी समुद्राच्या खाडीत जात होतं. आधी मासे मेले. मग ते मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी नाचत, गिरक्या घेत मरू लागली. मग माणसं. हातपाय थरथरणं, दिसेनासं होणं, बोबडी वळणं, आणि आईच्या पोटातच विष भिनल्यामुळे जन्मतः अपंग मुलं. 1956 साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. 1959 साली कंपनीच्याच दवाखान्याच्या डॉक्टरनं मांजराला कारखान्याचं सांडपाणी खाण्यातून देऊन पाहिलं आणि त्याला तोच रोग झाला. कंपनीनं ते दाबून ठेवलं. कारखान्याच्या पाण्यामुळेच हा रोग झाला असं सरकारनं म्हणायला 1968 साल उजाडलं. दोन हजारांहून अधिक माणसांना अधिकृतपणे रोगी ठरवलं गेलं, आणि त्याबाहेर राहिलेल्या कितीतरी हजारांना दाद मागत कोर्टाची पायरी चढावी लागली.

पण आम्हाला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तिथल्या कामगारांचं काय? 1959 साली कोळ्यांनी कारखान्यावर मोर्चा नेला तेव्हा कामगार संघटना कोळ्यांच्या बाजूनं उभी राहिली नाही. पाणी बंद झालं तर कारखाना बंद होईल, कारखाना बंद झाला तर गाव उपाशी मरेल, असंच तिलाही वाटलं. पुढं 1962-63 साली पगाराच्या प्रश्नावर त्याच कामगारांचा मोठा संप झाला. कंपनीनं संघटना फोडली, लढणाऱ्यांना छळलं. आपल्याला चिरडतात ते कोण आणि आपण कुणाची बाजू घेतली होती, हे तेव्हा त्यांना उमगलं. आणि 1968 च्या ऑगस्टमध्ये त्या संघटनेनं एक ठराव केला. मिनामाटाच्या रोग्यांसाठी आपण काहीही केलं नाही, माणूस म्हणून आणि कामगार म्हणून आम्हाला याची लाज वाटते, अशा आशयाचा तो ठराव होता. 'लाजेची घोषणा' म्हणून तो ओळखला जातो. त्यानंतर ते रोग्यांच्या बाजूनं उभे राहिले. कारखान्याच्या आत काय घडत होतं ते सांगायला लागले. 1970 साली त्यांनी प्रदूषणाच्या विरोधात संपही केला.

ते वाचलं त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. त्यांनी लाज वाटते असं उघड म्हटलं. आम्ही अजून उन्हानंच मासे मेले म्हणत होतो.

आता काही बंधू म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही, की कामगारानं बोलायचं तर चूल कशी पेटायची? बदली कामगाराला कोण वाली? हा प्रश्न खरा आहे. आम्ही स्वतः त्याच भीतीनं गप्प बसलो. पण हिशेब नीट मांडा. कुंडीतलं पाणी निवळायला खर्च येतो. तो मालकानं वाचवला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो ओढ्यावर पडतो. ओढ्यावरून वस्तीवर पडतो, डॉक्टरच्या बिलात पडतो, विकतच्या पाण्यात पडतो. पुढं पंचगंगेत पडतो, आणि शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांवर पडतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाण्याची किंमत किती असते हे आपण घराघरांत पाहिलं. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यात साखर कारखान्यांचं पाणी आहे, शहरांची गटारं आहेत, आणि आपण ज्यात राबतो त्या कापड उद्योगाचंही पाणी आहे. तेव्हा कारखाना हवा की मासे, हा प्रश्नच खोटा आहे. खरा प्रश्न एवढाच, की कारखान्याचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार? आजवर तो खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या खिशातून गेला. आणि खालच्या अंगाला कोणाच्या वस्त्या असतात हे आम्ही या विहारात सांगायला नको.

पाण्याचं मोल आपल्याला दुसऱ्यानं शिकवायला नको. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्याले, त्या ओंजळीसाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. पाण्यावरचा हक्क आपण लढून मिळवला. पण ज्या पाण्यावर हक्क मिळवला ते पिण्याजोगं ठेवणं, हा त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे. तो आपण विसरलो.

आणखी एक गोष्ट तुम्ही सर्वांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वाचली आहे. शाक्य आणि कोलिय यांचं भांडण कशावरून होतं? रोहिणी नदीच्या पाण्यावरून. संघाचं बहुमत युद्धाच्या बाजूनं होतं. सिद्धार्थ उभा राहिला आणि नाही म्हणाला. त्याची किंमत त्यानं मोजली. आम्ही ती कथा दर पौर्णिमेला ऐकत होतो आणि रात्री दोन वाजता नाही म्हणायची वेळ आली तेव्हा वॉल्व्ह फिरवत होतो. सम्यक आजीविका म्हणजे केवळ दारू आणि शस्त्रं न विकणं नव्हे. आपल्या हातून पोटासाठी जे काम होतं, त्याचं पाणी कुणाच्या दारात जातं, हेही त्यात आलं.

तेव्हा या वर्धापनदिनी समितीपुढं आमची एक मागणी आहे. मोठी नाही. विहारात एक वही ठेवा, 'ओढा वही'. ज्याला ओढ्याच्या पाण्यात बदल दिसेल, त्यानं तारीख, वेळ, रंग, वास आणि मेलेले मासे कोणते ते लिहावं. मरळ मेली का, हे आवर्जून लिहावं. वहीजवळ चार स्वच्छ बाटल्या ठेवा. मासे तरंगताना दिसले की त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळावी, हवा न ठेवता गळ्यापर्यंत भरावी, चिठ्ठी लावावी, बर्फात ठेवावी. आपली बाटली कोर्टात चालत नाही, कारण कायद्याप्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच रीतीनं घ्यावा लागतो. पण बाटली हातात असली की साहेबांना त्याच दिवशी या म्हणता येतं. धार काही तासांत निघून जाते. दोन दिवसांनी आलेला अधिकारी निवळलेलं पाणी पाहून परत जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आणि मेलेले मासे कुणी शिजवू नयेत, कुणाच्या दारात फुकट आले तरी.

आता कारखान्यात काम करणाऱ्या पोरांना सांगतो. 1974 च्या पाणी प्रदूषणाच्या कायद्यात स्पष्ट आहे, की अपघातानं घाण पाणी सुटलं किंवा सुटण्याची भीती असली तर तिथल्या जबाबदार माणसानं मंडळाला तात्काळ कळवलं पाहिजे. ते काम मालकाचं आहे, तुमचं नाही. पण त्यानं कळवलं नाही तर तुम्हाला ठाऊक असतं. एकट्यानं बोलू नका, एकट्याला चिरडतात. युनियनमध्ये बोला. बोनसच्या मागणीपत्रात कुंडीची मागणीही घाला. आणि तेही जमलं नाही, तर निदान वस्तीत येऊन सांगा, मासे खाऊ नका. चाक फिरवण्याची सक्ती आमच्यावर होती, असं आम्ही म्हणू शकतो. पण आज्जीशी खोटं बोलण्याची सक्ती आमच्यावर कुणी केली नव्हती.

तीस वर्षांनी, या विहारात, तुम्हा सगळ्यांसमोर आम्ही आज्जीला उत्तर देतो. आज्जी, तू बरोबर होतीस. उन्हानं मासे मेले नव्हते. आम्ही सोडलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून हेच लिहावं, अशी आमची विनंती आहे. खाली सही करायला आम्ही तयार आहोत.

जयभीम. नमो बुद्धाय.